खाण तशी माती? : अतिनवतारे आणि त्यांची गावे

गेल्या वर्षी नोव्हेंबर महिन्यात परभणी जिल्ह्यातील पालम येथे शिक्षकांबरोबर आकाशदर्शन करण्याचा योग आला. सोयाबीन निघून मोकळ्या झालेल्या एका वावरात आम्ही वीस-बावीस जण जमलो होतो. रात्रीचे नऊ वाजले असतील. वीज गेलेली होती, आणि त्या दिवशी प्रथमच वीज गेल्याबद्दल कोणी तक्रार केली नाही. भाद्रपदांचा चौकोन डोक्यावरून किंचित पश्चिमेकडे कलला होता. त्याच्या कोपऱ्यापासून निघणारी देवयानीची ताऱ्यांची ओळ धरून आम्ही उत्तरेकडे सरकलो आणि एक अंधुक, पुसट ठिपका शोधला. ती देवयानी दीर्घिका. आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर. नुसत्या डोळ्यांनी सहज दिसू शकणाऱ्या वस्तूंपैकी बहुधा सर्वांत दूरची.

मी नेहमीप्रमाणे सांगितले, की या ठिपक्यात १८८५ साली एक तारा फुटला होता. एका गुरुजींनी विचारले, "तारा फुटला हे समजलं सर. पण तो ज्या दीर्घिकेत होता तिचा आणि त्याच्या फुटण्याचा काही संबंध असतो का? का कुठंही, कसाही फुटतो?" मी उत्तर देण्याआधीच अंधारातून दुसरा आवाज आला, "असणारच की. खाण तशी माती!" सगळे हसले. हसणे थांबल्यावर एक बाई म्हणाल्या, "ही म्हण आपण शाळेत पोरांच्या बाबतीत फार वापरतो बघा. ताऱ्यांच्या बाबतीत तरी खरी आहे का ती?"

प्रश्न दिसायला साधा, पण त्याचे उत्तर शोधण्यात खगोलशास्त्रज्ञांची शंभराहून अधिक वर्षे गेली आहेत. त्या रात्री जमले तेवढे सांगितले. राहिलेले येथे सांगतो.

पत्ता चुकला की ओळख चुकते

१८८५ च्या ऑगस्टमध्ये देवयानीच्या मध्यभागाजवळ एक नवा तारा दिसू लागला. तो इतका तेजस्वी झाला, की काळोख्या रात्री तीक्ष्ण नजरेच्या माणसाला दुर्बिणीशिवाय जेमतेम दिसावा. काही महिन्यांत तो विझला. त्या काळी देवयानीला 'तेजोमेघ' म्हणत. ती आपल्या आकाशगंगेतील वायूचा ढग आहे, की आकाशगंगेसारखेच दुसरे ताऱ्यांचे विश्व आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

२६ एप्रिल १९२० रोजी अमेरिकेत वॉशिंग्टन येथे याच प्रश्नावर हार्लो शॅपली आणि हेबर कर्टिस यांचा प्रसिद्ध वाद झाला. १८८५ चा तारा हा शॅपलींच्या हातातील एक मोठा पुरावा होता. देवयानी जर कर्टिस म्हणतात तितकी दूर असेल, तर एकटा तारा कोट्यवधी सूर्यांइतका तेजस्वी होता असे मानावे लागेल. हे शक्य कसे? त्यापेक्षा देवयानी जवळ आहे असे मानणे बरे. युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण तो चुकीचा होता. एडविन हबल यांनी १९२३ मध्ये देवयानीत एक स्पंदनशील तारा शोधला, त्यावरून तिचे अंतर काढले, आणि ती आपल्या आकाशगंगेच्या फार बाहेर आहे हे सिद्ध झाले. म्हणजे १८८५ चा तारा खरोखरच इतका तेजस्वी होता. आजच्या हिशेबाने तर शंभर कोटींहून अधिक सूर्यांइतका.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ताऱ्याची खरी ओळख पटली ती त्याच्या दीर्घिकेची ओळख पटल्यावर. अतिनवतारा आणि त्याचे गाव यांचा संबंध पहिल्या पानापासून असा जुळलेला आहे.

दोन जाती

१९३४ मध्ये वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी या महास्फोटांना 'सुपरनोव्हा' हे नाव दिले. मराठीत आपण अतिनवतारा म्हणतो. साधा नवतारा फुटला तरी तारा शिल्लक राहतो. अतिनवताऱ्यात ताऱ्याचे आयुष्यच संपते. झ्विकी मोठा चिकाटीचा माणूस. एका दीर्घिकेत असा स्फोट शेकडो वर्षांत कधीतरी होतो. मग एकीकडेच डोळे लावून बसण्यात अर्थ नाही. शेकडो दीर्घिकांवर पाळत ठेवली, तर वर्षभरात काही ना काही हाती लागणारच. १९३६ पासून त्यांनी कॅलिफोर्नियातील पालोमार पर्वतावर एक रुंद नजरेची छोटी दुर्बीण लावून हेच केले.

सापडलेल्या अतिनवताऱ्यांच्या प्रकाशाचे वर्णपट रुडॉल्फ मिंकोव्स्की घेत असत. १९४१ मध्ये त्यांनी १४ अतिनवताऱ्यांचे वर्णपट मांडले, तेव्हा त्यांचे सरळ दोन गट पडले. नऊंच्या वर्णपटात हायड्रोजनचा मागमूस नव्हता. हा पहिला प्रकार. पाचांत हायड्रोजनच्या रेषा स्पष्ट होत्या. हा दुसरा प्रकार. मिंकोव्स्कींनी कारण सांगितले नाही. आधी नीट वर्गीकरण करायचे, मग कारण शोधायचे, ही विज्ञानाची जुनी शिस्त आहे. वनस्पतींचे नमुने गोळा करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना हे जरूर सांगावे.

पुढे नोंदी वाढत गेल्या, तशी एक विलक्षण गोष्ट दिसू लागली. दुसऱ्या प्रकारचे अतिनवतारे सर्पिल दीर्घिकांत, त्यांच्या फिरकीसारख्या बाहूंवर सापडत. लंबवर्तुळाकार, गुळगुळीत दिसणाऱ्या दीर्घिकांत ते आढळत नसत. तेथे सापडे तो फक्त पहिला प्रकार. ताऱ्याचा मृत्यू कसा झाला हे त्याच्या गावावर अवलंबून होते!

म्हाताऱ्यांचे गाव

या कोड्याची किल्ली बाडे यांना दुसऱ्या महायुद्धात मिळाली. युद्धामुळे लॉस एंजेलिस शहरात दिवे मालवलेले असत. त्यामुळे माउंट विल्सन येथील १०० इंची दुर्बिणीला पूर्वी कधी न मिळालेला काळोख मिळाला. (पालमच्या वावरात वीज गेल्यावर आम्हाला मिळाला तसाच.) बाडे यांनी देवयानीच्या मध्यभागातील तारे सुटे सुटे करून पाहिले आणि १९४४ मध्ये जाहीर केले, की दीर्घिकांत ताऱ्यांच्या दोन वस्त्या असतात. सर्पिल बाहूंमध्ये निळे, तेजस्वी तारे आणि वायूचे ढग; मध्यभागी व लंबवर्तुळाकार दीर्घिकांत तांबूस तारे. पहिली वस्ती तरुण, दुसरी वृद्ध, हे पुढे स्पष्ट झाले.

मराठवाड्यातील शिक्षकांना हे समजावून सांगावे लागत नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या निघून गेल्या, की कित्येक तांड्यांवर आणि वस्त्यांवर म्हातारी माणसेच मागे उरतात. लंबवर्तुळाकार दीर्घिका ही अशी वस्ती आहे; फरक इतकाच, की येथे गेलेली तरुण मंडळी परत येत नाहीत. नवे तारे जन्माला घालणारा थंड वायूच जवळपास संपलेला असतो. तेथे पाळणा हलत नाही.

आता ताऱ्याच्या आयुष्याचा एक उलटा वाटणारा नियम आठवू. तारा जितका जड, तितका तो अल्पायुषी. सूर्यासारखा तारा सुमारे १००० कोटी वर्षे जगतो. सूर्याच्या आठपटीहून जड तारा मात्र आपले इंधन भराभर उधळतो आणि काही कोटी वर्षांत, फार जड असेल तर काही दशलक्ष वर्षांतच, संपतो. शेवटी त्याच्या गाभ्यात लोखंड साठते. लोखंडापासून आणखी ऊर्जा मिळत नाही. गाभा स्वतःच्या भाराखाली कोसळतो, त्याचा न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर बनते आणि वरचे थर उधळले जातात. त्या थरांत हायड्रोजन असल्यामुळे वर्णपटात त्याच्या रेषा दिसतात. हा दुसरा प्रकार. असा तारा जन्मस्थानापासून फार दूर जाण्याआधीच मरतो. म्हणून जेथे पाळणा हलतो, तेथेच हा मृत्यू घडतो.

पहिल्या प्रकाराची गोष्ट निराळी. सूर्यासारखा तारा म्हातारपणी श्वेत बटू होऊन शांतपणे थंड होत राहतो. पण त्याला जोडीदार तारा असेल आणि त्याच्याकडून द्रव्य मिळत गेले, तर त्याचे वस्तुमान चंद्रशेखर यांनी सांगितलेल्या मर्यादेकडे, म्हणजे सूर्याच्या सुमारे १.४ पटीकडे जाऊ लागते. मग आतील कार्बन एकदम पेटतो आणि सगळा बटू फुटून जातो. दोन श्वेत बटू एकमेकांवर आदळूनही असे होऊ शकते. हायड्रोजन तेथे नसतोच, म्हणून वर्णपटातही नाही. हा स्फोट जन्मानंतर शेकडो कोटी वर्षांनीही होऊ शकतो. म्हणून म्हाताऱ्यांच्या गावातही तो दिसतो. १९६० मध्ये फ्रेड हॉइल आणि विल्यम फाउलर यांनी या दोन यंत्रणांचा पाया घातला. १८८५ चा देवयानीतील तारा, तिच्या वृद्ध मध्यभागात फुटलेला, पहिल्या प्रकारचा होता.

म्हणजे खाण तशी माती, हे खरेच ठरले की! पण थांबा.

पत्त्याने उघड केलेली गफलत

पहिल्या प्रकारात मोडणारे काही अतिनवतारे विचित्र वागत होते. वर्णपटात हायड्रोजन नाही, म्हणून ते पहिल्या प्रकारचे. पण राहत होते ते सर्पिल बाहूंत, तरुण ताऱ्यांच्या शेजारी, चमकत्या वायुमेघांजवळ. लंबवर्तुळाकार दीर्घिकांकडे ते फिरकतही नसत. कागदपत्रे एका गावची आणि राहणे दुसऱ्या गावात, असला हा प्रकार.

१९८० च्या दशकाच्या मध्यात वर्णपट बारकाईने तपासले गेले, तेव्हा गफलत उघडी पडली. खऱ्या श्वेत बटूंच्या स्फोटात सिलिकॉनची एक ठळक रेषा असते. या मंडळींत ती नव्हती. हे मुळात जड तारेच होते. मात्र फुटण्यापूर्वी त्यांनी आपले हायड्रोजनचे पांघरूण गमावले होते. ज्यांच्याजवळ हेलियम शिल्लक होता त्यांना 'एक-बी', आणि ज्यांनी तोही गमावला त्यांना 'एक-सी' असे नाव पडले. श्वेत बटूंचा स्फोट झाला 'एक-ए'. नावे बहिणींसारखी, पण एक-बी आणि एक-सी यांचे रक्ताचे नाते दुसऱ्या प्रकाराशी. नाव देताना झालेली चूक पत्त्यामुळे लक्षात आली.

मोजपट्टी किती सरळ?

एक-ए प्रकारच्या अतिनवताऱ्यांचे तेज जवळजवळ सारखे असते. दिव्याचे खरे तेज ठाऊक असेल, तर तो किती मंद दिसतो यावरून त्याचे अंतर काढता येते. म्हणून हे अतिनवतारे विश्वाची मोजपट्टी बनले. पण 'जवळजवळ' या शब्दात बरेच काही दडलेले असते.

१९९१ साली असे दोन अतिनवतारे दिसले. एप्रिलमधला एका सर्पिल दीर्घिकेत होता आणि नेहमीपेक्षा तेजस्वी निघाला. डिसेंबरमधला एम ८४ या लंबवर्तुळाकार दीर्घिकेत होता आणि नेहमीपेक्षा फारच मंद निघाला, लवकर विझलाही. पुढे १९९० च्या दशकात चिलीतील खगोलशास्त्रज्ञांनी पद्धतशीर नोंदी केल्या, तेव्हा हा योगायोग नसल्याचे दिसले. तरुण वस्तीतील एक-ए सरासरीने तेजस्वी आणि हळू विझणारे, वृद्ध वस्तीतील मंद आणि लवकर विझणारे. तेजस्वी तो हळू विझतो हा नियम १९९३ मध्ये मार्क फिलिप्स यांनी मांडला होता. त्याचा उपयोग करून मोजपट्टी सरळ करता आली. याच सुधारलेल्या मोजपट्टीने १९९८ मध्ये दोन गटांनी दाखवले, की दूरचे अतिनवतारे अपेक्षेपेक्षा सुमारे २०-२५ टक्क्यांनी मंद दिसतात, म्हणजेच विश्वाचे प्रसरण वेग घेत आहे. २०११ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक या शोधाला मिळाले.

हे सर्वांनी मुकाट्याने मान्य केले असे नाही. कोल्हापूरला जन्मलेले आणि पुण्याच्या 'आयुका'चे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांनी २००० साली सहकाऱ्यांसह वेगळी शक्यता मांडली. दीर्घिकांच्या मधल्या पोकळीत धातूच्या अतिसूक्ष्म सुयांसारखी धूळ असेल, तर तिच्यामुळेही दूरचे अतिनवतारे मंद दिसतील. ही धूळ अतिनवताऱ्यांनीच उधळलेल्या धातूची! बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी हे स्पष्टीकरण स्वीकारले नाही. परंतु तारा मंद दिसला तर तो दूर आहे, की मध्ये काही आहे, की तो मुळातच मंद आहे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे, ही त्यांची शिकवण कायम राहिली.

आणि त्यातला शेवटचा भाग पुन्हा दाराशी आलाच. २०१० च्या सुमारास तीन गटांना स्वतंत्रपणे आढळले, की सगळ्या दुरुस्त्या करूनही जड दीर्घिकांतील एक-ए अतिनवतारे हलक्या दीर्घिकांतील अतिनवताऱ्यांपेक्षा पाच ते दहा टक्के तेजस्वी ठरतात. कारण धुळीचे, ताऱ्यांच्या वयाचे की आणखी कशाचे, यावर अजून वाद चालू आहे. जेथे २०-२५ टक्क्यांवरून सगळ्या विश्वाचे भविष्य ठरते, तेथे पाच-दहा टक्के ही किरकोळ बाब नाही. म्हणून आज विश्वाचे प्रसरण मोजणारे शास्त्रज्ञ प्रत्येक अतिनवताऱ्याबरोबर त्याच्या दीर्घिकेचे वजनही नोंदवतात. गाव विचारल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

वाड्या-वस्त्यांची खानेसुमारी

एक प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात आला असेल. पाळत कोणत्या दीर्घिकांवर ठेवली जात होती? साहजिकच मोठ्या आणि तेजस्वी. तेथे तारे अधिक, म्हणून स्फोट सापडण्याची शक्यताही अधिक. पण ही पालम तालुक्याची खानेसुमारी फक्त मोठ्या गावांत फिरून करण्यासारखी गोष्ट झाली. वाड्या-वस्त्या, तांडे राहूनच गेले.

ही उणीव भरून काढणाऱ्यांत एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म १९५६ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचा, लहानपण हुबळीत गेले आणि संशोधन कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेत झाले. त्यांच्या पुढाकाराने २००९ मध्ये पालोमार पर्वतावरील ४८ इंची दुर्बिणीने एक नवी मोहीम सुरू झाली. ठरावीक दीर्घिका न निवडता सगळे आकाश पुन्हा पुन्हा टिपायचे आणि नवे काय दिसते ते संगणकाने शोधायचे. झ्विकी ज्या पर्वतावर एकेक चित्र डोळ्यांनी ताडून पाहत, तेथेच हे घडले. आकाशातील अशा क्षणभंगुर घटनांच्या अभ्यासासाठी कुलकर्णी यांना २०२४ चे शॉ पारितोषिक मिळाले.

या मोहिमेतील पहिल्या ७२ कोसळणाऱ्या ताऱ्यांची, म्हणजे दुसऱ्या प्रकाराच्या आणि त्याच्या नातेवाइकांच्या स्फोटांची, यादी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातील पाचांत एकाहून अधिक स्फोट खुज्या दीर्घिकांतील होते. मोठ्या दीर्घिकांत साधे एक-सी पुष्कळ. खुज्या दीर्घिकांत मात्र साधा एक-सी एकही नाही. तेथे होते हेलियम राखून असलेले एक-बी, थोडा हायड्रोजन राखून असलेले काही, आणि अतिशय वेगाने द्रव्य फेकणारे एक खास जातीचे एक-सी.

असे का व्हावे? याचे उत्तर मातीत आहे. पालम तालुक्यात गोदाकाठची जमीन काळी, भारी. दक्षिणेला बालाघाटाच्या डोंगराकडे जावे तशी हलकी, मुरमाड. बी तेच टाकले तरी कापूस सारखा येत नाही. दीर्घिकांच्या बाबतीत भारी-हलकी हे जड मूलद्रव्यांवरून ठरते. मोठ्या दीर्घिकांत पिढ्यान्‌पिढ्या तारे मरून त्यांच्या राखेतून लोखंडासारखी मूलद्रव्ये साठलेली असतात. खुज्या दीर्घिकांत ती कमी. ताऱ्याच्या पृष्ठभागावरील लोखंडाचे अणू प्रकाश शोषून घेतात आणि त्या प्रकाशाच्या रेट्याने बाहेर ढकलले जातात. त्यांच्याबरोबर इतर वायूही वाहून जातो. यालाच ताऱ्याचा वारा म्हणतात. भारी मातीतल्या जड ताऱ्याचा वारा जोरदार. त्यात हायड्रोजनचे आणि हेलियमचे पांघरूण उडून जाते. हलक्या मातीतल्या ताऱ्याचे पांघरूण बरेचसे अंगावर राहते. येथे माती भारी तर पांघरूण हलके, असा उलटा न्याय आहे!

खोडदची साक्ष

आता या कथेतले शेवटचे आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे पान. १९९८ मध्ये एका गॅमा किरणांच्या स्फोटाच्या जागीच वेगवान जातीचा एक-सी अतिनवतारा दिसला. तेव्हापासून दोघांचे नाते जुळले. तारा कोसळताना आत कृष्णविवरासारखे 'इंजिन' तयार होते आणि ते प्रकाशाच्या जवळपास वेगाने द्रव्याचे झोत फेकते. त्यासाठी गाभा भन्नाट गिरक्या घेत असला पाहिजे. ताऱ्याचा वारा द्रव्याबरोबर गिरकीही पळवून नेतो. म्हणजे असे इंजिन हलक्या मातीतच, जड मूलद्रव्ये कमी असलेल्या छोट्या दीर्घिकांतच बनणार. २००६ मध्ये हबल दुर्बिणीच्या चित्रांवरून ४२ गॅमा स्फोटांच्या दीर्घिका तपासल्या गेल्या. त्या खरोखरच बहुतांशी लहान, मंद आणि वेड्यावाकड्या आकाराच्या निघाल्या. सिद्धांत आणि निरीक्षण यांचा असा मेळ बसला, की काहीजण याला नियम मानू लागले.

मार्च २००९ मध्ये चिलीतील शोधमोहिमेला एनजीसी ३२७८ या सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या सर्पिल दीर्घिकेत एक-सी जातीचा अतिनवतारा सापडला. त्याचे नाव एसएन २००९बीबी. गॅमा किरण दिसले नव्हते. पण अमेरिकेतील रेडिओ दुर्बिणींनी पाहिले, तर तो रेडिओ लहरींत झगझगत होता. त्याच वेळी दुसरी साक्ष पुणे जिल्ह्यातून आली. नारायणगावजवळ खोडद येथे, कांदा-टोमॅटोच्या शेतांमध्ये, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या जीएमआरटी या दुर्बिणीच्या ३० थाळ्या आहेत. प्रत्येक थाळी ४५ मीटर व्यासाची, तारेच्या जाळीची, आणि सगळ्या मिळून सुमारे २५ किलोमीटर पसरलेल्या. अधिक लांबीच्या रेडिओ लहरी टिपण्यात ही दुर्बीण तरबेज. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सायन चक्रवर्ती, अलक राय आणि त्यांच्या सहकारी पूनम चंद्रा या अभ्यासात सहभागी होते. दोन्ही देशांच्या मोजणीवरून निष्कर्ष निघाला, की यातील काही द्रव्य प्रकाशाच्या सुमारे ८५ टक्के वेगाने धावत आहे. म्हणजे आत इंजिन होते. जानेवारी २०१० मध्ये हा शोधनिबंध 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

मग शास्त्रज्ञांनी नेहमीचा प्रश्न विचारला: गाव कोणते? दीर्घिकेची सरासरी न घेता स्फोटाच्या नेमक्या जागेचा वर्णपट घेतला गेला. नियमाप्रमाणे तेथे जड मूलद्रव्ये कमी हवी होती. ती सूर्याच्या परिसरापेक्षाही जास्त निघाली! भारी, काळ्याभोर मातीत, जेथे असे काही उगवू नये असे सर्वजण म्हणत होते, तेथेच ते उगवले होते.

याचा अर्थ आधीची निरीक्षणे खोटी होती असा नाही. इंजिनवाले स्फोट बहुधा हलक्या मातीत होतात, हे आजही खरे आहे. पण 'बहुधा' आणि 'नेहमीच' यांत अंतर आहे. ताऱ्याला जोडीदार होता का, तो गिरक्या किती घेत होता, त्याचे वजन किती होते, या गोष्टी नुसत्या गावावरून कळत नाहीत. गाव शक्यता सांगते, निकाल सांगत नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

हा फरक मुलांना समजावण्यासाठी दुर्बीण लागत नाही. सहावीच्या आणि सातवीच्या सगळ्या मुलांची उंची भिंतीवरच्या पट्टीवर मोजा. दोन्ही वर्गांची सरासरी काढा. बहुतेक वेळा सातवीची सरासरी जास्त येईल. हा झाला गावाचा नियम. आता सर्व उंच्या वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाका. एकेक चिठ्ठी काढून ती उंची सहावीतल्या मुलाची की सातवीतल्या, हे ओळखायला सांगा. किती वेळा चुकले याची नोंद ठेवा. सरासरीत फरक असूनही अंदाज पुन्हा पुन्हा फसतो, हे मुले स्वतः पाहतील. दुसऱ्या दिवशी उंची मोजताना मुद्दाम फक्त पहिल्या बाकांवरची मुले घ्या आणि सरासरी कशी बदलते तेही पाहू द्या. मोठ्या दीर्घिकांवरच पाळत ठेवण्यातली चूक त्यातून कळेल.

चिलीतील नव्या रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये आपली पहिली चित्रे प्रसिद्ध केली. तिच्या दहा वर्षांच्या मोहिमेत लाखो अतिनवतारे सापडतील अशी अपेक्षा आहे. तेव्हा गाव आणि माणूस यांच्या नात्याचे आणखी बारकावे कळतील. काही नियम पक्के होतील, आणि काही खोडद आणि चिलीच्या साक्षीने मोडला तसे मोडतील.

पालमच्या त्या बाईंना मी रात्री एवढेच म्हणालो होतो, की ताऱ्यांच्या बाबतीत ही म्हण बरीचशी खरी आहे. निघताना त्या म्हणाल्या, "बरीचशी म्हणजे पुरती नाही ना सर? मग झालं. माझ्या वर्गात ऊसतोडीवाल्यांची अकरा पोरं आहेत. उद्या हजेरी घेताना ध्यानात ठेवते." देवयानी तोवर पश्चिमेकडे उतरू लागली होती, आणि गावात वीज परत आली होती.